पुस्तक की पाना? तेरेखोलच्या काठची दोनशे वर्षं

तेरेखोल नदी मनोहरगडाच्या डोंगरातून निघते, बांद्यावरून खाली येते आणि केरीजवळ समुद्राला मिळते. गोवा आणि महाराष्ट्र यांची इथली हद्द म्हणजे हीच नदी. पण या हद्दीला मुखापाशीच एक अपवाद आहे. तेरेखोलचा किल्ला आणि त्याच्या आधाराने वसलेलं छोटं गाव नदीच्या उत्तर तीरावर, सिंधुदुर्गाच्या अंगाला आहे, तरीही ते गोव्याचं. सतराव्या शतकात सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी जिंकला आणि पुढे तो गोव्याच्याच वाट्याला राहिला. त्यामुळे तेरेखोलच्या माणसाला पणजी गाठायची तर आधी पाण्यावरून केरीला उतरायचं, मग पेडणे महाल, मग शापोरा नदी, मग बार्देश आणि शेवटी मांडवी. रेडी आणि शिरोडा मात्र त्याच काठावर, चालत जाता येईल इतके जवळ.

दहावीचा निकाल लागला की पेडणे-डिचोलीतल्या घरांत एकच चर्चा सुरू होते. पोराला पुढे कॉलेजच्या वाटेने बी.ए., बी.कॉम. करू द्यायचं, की आयटीआयला, तंत्रनिकेतनात घालून हाताला काम द्यायचं? ही चर्चा आजची वाटते, पण या काठावर ती फार जुनी आहे. आणि इतकी वर्षं तिचा निकाल मुलाच्या आवडीने क्वचितच लागला. तो लावला नदीने, हद्दीने, भाषेने आणि जातीने.

जातीचं आधी बोलायला हवं, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. तंत्राची शाळा या गावांत नव्हती असं म्हणणं खरं नाही. गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्याची चित्रशाळा होती, सुताराची पडवी होती, लोहाराचा भाता होता, कुंभाराचं चाक होतं, तांडेलाची होडी होती. तिथे मुलगा वडिलांच्या शेजारी बसून शिके आणि चांगलं शिके. पण त्या शाळेत प्रवेश जन्माने मिळे, आणि तिथून बाहेर पडण्याची सोय नव्हती. दुसरीकडे लेखणी धरणाऱ्या घरांत बाराखडी, हिशेब आणि मोडी. त्या घरच्या मुलाने हातोडा उचलावा, हे कोणाच्या स्वप्नातही नसे. हाताचं काम कमी प्रतीचं आणि कागदाचं काम वरच्या प्रतीचं, ही समजूत इंग्रजांनी किंवा पोर्तुगीजांनी आणली नाही. ती इथे आधीपासून होती. त्यांच्या शाळांनी तिला पदवी आणि पगाराची जोड दिली, एवढंच.

या काठावरच्या कर्त्या माणसाला घर सोडावंच लागे. केरीचे जिवबादादा केरकर अठराव्या शतकात महादजी शिंद्यांच्या फौजेत गेले आणि बक्षी झाले. १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगीजांकडे गेलं आणि 'नव्या काबिजादीं'तला, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर मिळवलेल्या मुलखातला, एक महाल झालं; त्यानंतर बाहेर पडणाऱ्यांची तोंडं मुंबईकडे वळली. त्यांच्यातलाच एक मुलगा केरीपासून जवळच्या मांद्रे गावचा. रामकृष्ण विठ्ठल लाड. पुढे सगळी मुंबई त्याला डॉ. भाऊ दाजी लाड म्हणून ओळखू लागली.

वडील विठ्ठल लाड मातीच्या बाहुल्या विकत. मुलाची बुद्धिबळातली हुशारी एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेत भरली आणि त्याने वडिलांना या मुलाला इंग्रजी शिकवा असं सुचवलं, अशी हकीकत चरित्रकारांनी नोंदवली आहे. कुटुंब मुंबईत आलं आणि भाऊ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. साहित्य, इतिहास, गणित, पदार्थविज्ञान असा तिथला अभ्यास सर्वांगीण होता. आज ज्याला आपण कला-विज्ञान महाविद्यालय म्हणतो त्याचंच ते आधीचं रूप. कच्छ-काठेवाडातल्या बालिकाहत्येवर लिहिलेल्या निबंधाला त्यांना बक्षीस मिळालं. पुढे तिथेच ते शिकवू लागले. मान होता, पगार होता, आणि पेडण्याहून आलेल्या गरीब घराला तेवढं पुष्कळ झालं असतं.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलं, आणि भाऊंनी शिक्षकाची जागा सोडून पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसायचं ठरवलं. ही घटना चरित्रांत एका ओळीत उरकली जाते, पण ती नीट समजून घेण्यासारखी आहे. शवविच्छेदन करायचं, औषधं कुटायची, रोग्याच्या अंगाला हात लावायचा, असं ते शिक्षण होतं. शिक्षकाची लेखणी धरलेल्या माणसाने असं काम हाती घ्यायचं म्हणजे लोकांचा रोष पत्करणं. १८५१ मध्ये त्या कॉलेजची पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यात भाऊ दाजी होते. अनंत चंद्रोबाही होते आणि गोमंतकीय वंशाचे सेबास्तियाँ कार्व्हालोही होते. भाऊंनी दवाखाना काढला, गरिबांना फुकट औषधं दिली. धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर झाले, शिवाय छायाचित्रणाची कला त्यांनी मनापासून साधली.

डॉक्टर झाल्यावर भाऊंनी पहिल्या शिक्षणाकडे पाठ फिरवली नाही. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनचे ते चिटणीस होते. दिवसभर रोगी तपासायचे आणि उरलेल्या वेळी नाणी, ताम्रपट, शिलालेख वाचायचे. गिरनारचा रुद्रदामन्‌चा लेख, अजिंठ्याच्या लेण्यांतले लेख, कालिदासाचा काळ यांवर त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे निबंध वाचले. महारोगावर औषध शोधण्यासाठी ते अखेरपर्यंत धडपडले. १८६९ आणि १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. ३१ मे १८७४ ला ते वारले. ज्या संग्रहालयाच्या उभारणीसाठी त्यांनी कष्ट घेतले, ते भायखळ्याचं संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं होतं. आज ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. नाना जाती-धंद्यांच्या माणसांच्या मातीच्या प्रतिमा हा त्या संग्रहालयाचा एक मोठा ठेवा आहे. बाहुल्या विकणाऱ्याच्या मुलाचं नाव अशा जागेला लागावं, हा योग फार समर्पक आहे.

भाऊ दाजी या गोष्टीच्या आरंभीच येतात, आणि पुढच्या दोनशे वर्षांचं उत्तरही त्यांनी जगून दाखवलं. आधी मन विस्तारणारं शिक्षण, मग हाताला नेमकी विद्या, आणि त्यानंतर दोन्हींची संगत. पण त्यांच्या वाटेने जाणं पेडण्याच्या दुसऱ्या मुलांना जमलं नाही, कारण ती वाट मुंबईत होती, आणि मुंबईतही ती लवकरच अरुंद झाली.

पोर्तुगीज गोव्यातली रचना वेगळी होती. पणजीत १८४२ मध्ये वैद्यकीय विद्यालय, एस्कोला मेदिका, सुरू झालं आणि १८५४ मध्ये लिसेव. लिसेव म्हणजे सर्वसाधारण उच्च शिक्षण. एस्कोला मेदिका म्हणजे धंद्याचं. त्या काळात गणित आणि लष्करी विद्या शिकवणारी एक शाळाही होती, जिथून रस्ते-पूल बांधणारे अधिकारी तयार होत. १८७१ मध्ये गोव्याची फौज विसर्जित झाली आणि ती शाळाही गेली. तिच्या जागी 'इन्स्तितुतु प्रोफिस्सिओनाल' ही धंदेशिक्षणाची संस्था आली, पण तिने लिसेवची प्रतिष्ठा कधीच गाठली नाही. कायदा, स्थापत्य, वाङ्मय यांत पदवी हवी तर थेट पोर्तुगाल. एस्कोला मेदिकाचे पदवीधर आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत आरोग्याधिकारी म्हणून गेले. गोव्यात राहून मात्र मुलापुढे दोनच दारं उघडी होती, आणि दोन्ही पणजीत.

पेडण्यातल्या मराठी बोलणाऱ्या घराला ही दारं आणखी लांब पडत. आधी प्रिमैरु ग्राव, मग सेगुंद ग्राव या प्राथमिक शाळेच्या पायऱ्या, त्याही पोर्तुगीजमधून. मग पणजीत राहण्याचा खर्च. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, धर्मावरून होणारा भेद कायद्याने मिटला आणि हिंदू मुलं लिसेवकडे अधिक वळू लागली. पण त्याच सुमारास दुसरा प्रवाहही जोरात होता. १९११ मध्ये फोंड्यात गोवा विद्या प्रसारक मंडळ उभं राहिलं, ठिकठिकाणी मराठी आणि इंग्रजी शाळा निघाल्या, आणि मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक हे गोव्यातल्या शेकडो घरांचं ध्येय झालं. म्हणजे पेडणेकराला पहिला प्रश्न पडे तो पोर्तुगीज की इंग्रजी हा. कला की तंत्र हा प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत घरची पुंजी संपलेली असे.

इंग्रजी मुलखात मॅट्रिकनंतर रस्ता दुभंगे. पुण्यात १८५४ मध्ये सुरू झालेली इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल ही संस्था सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी पुरवण्यासाठी होती. तीच पुढे सायन्स कॉलेज आणि १९११ मध्ये इंजिनिअरिंग कॉलेज झाली. मुंबईत राणीच्या राज्यारोहणाच्या ज्युबिलीनिमित्त १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. गिरण्यांना माणसं हवी होती. दुसऱ्या बाजूला एल्फिन्स्टन, डेक्कन, १८८५ पासून फर्ग्युसन. सरकारला कचेरीसाठी एक माणूस हवा होता आणि रस्त्यासाठी दुसरा, म्हणून शाळाही दोन झाल्या. आपण मात्र पुढे असं धरून चाललो की मुलांचे मेंदूच दोन प्रकारचे असतात.

ज्यांनी मोठं काम केलं त्यांच्याकडे पाहिलं तर ही विभागणी टिकत नाही. विश्वेश्वरय्यांनी १८८१ मध्ये बंगळूरला बी.ए. केलं आणि मगच पुण्याला येऊन १८८३ मध्ये इंजिनिअरिंगची परीक्षा दिली. लक्ष्मणराव किर्लोस्कर तर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. चित्रकार व्हायचं म्हणून ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर चित्रकला सोडली, पण यांत्रिक रेखनाचा अभ्यास चालू ठेवला, आणि त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिलीत शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावात सायकलींचं दुकान, १९०३ मध्ये लोखंडी नांगर, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. आणि त्या नांगराच्या कारखान्यातून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं, ज्याचं पुढे मराठीतलं एक आघाडीचं मासिक झालं. ते चालवणारे शंकरराव किर्लोस्कर चित्रकार होते. नांगराचा फाळ आणि मराठी कथा एकाच आवारात घडत होत्या.

त्या मासिकातून घराघरांत पोहोचलेल्या लेखकांपैकी एकाची शाळा तेरेखोलच्या अगदी शेजारची. १९२० मध्ये विष्णू सखाराम खांडेकर शिरोड्याच्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले. जन्म सांगलीचा, १८९८ चा. फर्ग्युसनमध्ये शिकत असताना ते सावंतवाडीजवळच्या नानेलीला चुलत्यांकडे दत्तक गेले. कॉलेजचं शिक्षण अर्धवट राहिलं. शिरोड्याला तेव्हा मिठागरं, माड-पोफळी आणि समुद्र. अ. वि. बावडेकरांनी खस्ता खाऊन उभी केलेली ती शाळा खांडेकरांनी १९३८ पर्यंत सांभाळली. १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला तोही याच वर्षांत. पदवी हातात नसलेल्या माणसाने एका खेड्यात बसून खेड्यातल्या मुलांना वाङ्मय शिकवलं आणि स्वतः ते लिहिलं. १९७४ चं ज्ञानपीठ मिळवणाऱ्या लेखकाची जडणघडण त्या शाळेत झाली. उदार शिक्षणाला मोठ्या शहराची इमारत लागत नाही याला शिरोड्याइतका जवळचा पुरावा नाही. पण हेही खरं की शिरोड्यात मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढे कारागिरीचं शास्त्र शिकायचं असतं तर ते जवळपास कुठे मिळालं नसतं. मिठागर समोर होतं, त्यामागचं रसायनशास्त्र मुंबईत.

१९५४ साली शिरोड्याशी असलेली ही जवळीकही तुटू लागली. १५ ऑगस्टला आल्फ्रेद आफोन्सो यांच्या नेतृत्वाखालचे सत्याग्रही तेरेखोलच्या किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तिरंगा फडकवला. त्यांना पकडण्यात आलं. पुढच्या वर्षी हद्दीवरची ये-जा जवळजवळ थांबली. एकाच काठावरची रेडी, शिरोडा आणि तेरेखोल ही गावं दोन देशांत असल्याचं तेव्हा खऱ्या अर्थाने जाणवलं. बंद हद्दीचा पहिला फटका शाळेत जाणाऱ्या मुलांना बसतो, आणि त्याचा हिशेब इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि सहा महिन्यांच्या आत, जून १९६२ मध्ये, पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले ही महाविद्यालयं सुरू झाली. १९६३ मध्ये म्हापशाचं सेंट झेवियर्स. तिन्ही मुंबई विद्यापीठाला जोडलेली. इंजिनिअरिंग कॉलेज यायला १९६७ उजाडलं, तेही फर्मागुडीला. हा क्रम सहज पडलेला नव्हता. नव्या राज्यकारभाराला शिक्षक, कारकून, अधिकारी तातडीने हवे होते, आणि वर्गखोली व फळा यांवर चालणारं महाविद्यालय कार्यशाळा व यंत्रं लागणाऱ्या संस्थेपेक्षा लवकर उभं राहतं. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर जन्माने पेडण्याचे आणि धंद्याने खाणमालक. त्यांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या. कुळांच्या, मजुरांच्या घरांतली पहिली पिढी तेव्हा शाळेत गेली. त्या घरांना कॉलेज हवं होतं, आणि का हवं होतं हे समजायला हवं. ज्यांच्या पिढ्या हाताच्या कामात गेल्या त्यांना मुलाच्या हातात पुन्हा हातोडा नको होता. शहरातला शिकलेला माणूस त्यांना तंत्रशिक्षणाचा सल्ला देतो तेव्हा ही जुनी जखम त्याने ध्यानात ठेवायला हवी.

मुक्तीआधीच मुंबईत वाढलेल्या एका गोमंतकीय मुलाची गोष्ट इथे आठवते. रघुनाथ माशेलकर १९४३ मध्ये डिचोलीच्या शेजारच्या माशेल गावी जन्मले. वडील लवकर गेले, आई मुलाला घेऊन मुंबईला आली. १९६० मध्ये शालान्त परीक्षेत राज्यात अकरावा नंबर येऊनही पैशांअभावी शिक्षण सोडायची वेळ आली होती. सर दोराबजी टाटा ट्रस्टची महिना साठ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ते पुढे शिकले आणि मुंबई विद्यापीठाच्या रसायन-तंत्रज्ञान विभागातून इंजिनिअर झाले. साठ रुपये नसते तर कला की तंत्र हा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नसता. निवड हा शब्द आपण सहज वापरतो. बहुतेक घरांत तो शिष्यवृत्तीनंतर येतो.

आज अंतराची अडचण पुष्कळ कमी झाली आहे. पेडणे तालुक्यात विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालय आहे, पेडण्यात आयटीआय आहे. डिचोलीत झांट्ये वाणिज्य महाविद्यालय, साखळीला शासकीय महाविद्यालय, मयेला शासकीय तंत्रनिकेतन. डिसेंबर २०२२ मध्ये मोपाच्या पठारावर मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्‌घाटन झालं आणि तांत्रिक शिक्षणाकडे ओढा वाढला. तो वाढणं बरोबरच आहे. आपल्या पठारावर विमानतळ होतो आणि तिथली यंत्रं सांभाळायला माणसं बाहेरून आणावी लागतात, हे कोणत्याच गावाला परवडणारं नाही.

पण डिचोलीने एक धडा घेतलेला आहे. लोहखनिजाच्या भरभराटीत तिथली पोरं ट्रक, बार्ज आणि यंत्रदुरुस्ती यांत शिरली. शाळा संपायची वाटही अनेकांनी पाहिली नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द ठरवलं. एका धंद्यापुरतं कसब असलेल्या माणसाचा धंदाच थांबतो तेव्हा त्याला नवं शिकण्याची ताकद लागते, अर्ज लिहिता यावा लागतो, कायदा वाचता यावा लागतो, चार लोकांपुढे आपली बाजू मांडता यावी लागते. ही ताकद मन विस्तारणाऱ्या शिक्षणातून येते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. हाताला काहीही न येणारा पदवीधर कचेरीतल्या भरतीच्या जाहिरातींची वर्षानुवर्षं वाट पाहत राहतो, आणि पेडण्यात असे पदवीधर शोधायला लांब जावं लागत नाही.

आजच्या व्यवस्थेतला खरा दोष मधल्या भिंतीत आहे. आयटीआय केलेल्या मुलाला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट जाता येतं, पदविकाधारकाला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात. शिडी आहे, पण ती एकाच भिंतीला टेकलेली आहे. इतिहासाची गोडी लागलेल्या फिटरने विर्नोड्याच्या महाविद्यालयात एखादा विषय शिकावा, किंवा मराठी शिकणाऱ्या मुलीने आयटीआयत वीजजोडणीचा अभ्यास करावा, हे अजून अपवादानेच घडतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने धंदेशिक्षण आणि सर्वसाधारण शिक्षण यांतली भिंत काढायचं आणि विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक साठवून ठेवायचं ठरवलं आहे. एकाच तालुक्यात असलेल्या पेडण्याच्या दोन संस्थांनी त्याची सुरुवात करावी. नवी इमारत लागणार नाही, वेळापत्रक जुळवावं लागेल. मांद्र्याच्या मुलाला १८४५ मध्ये जे मुंबईत करता आलं, ते आज पेडण्यात करता यायला हवं.

आणि पालकांना एक विनंती. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी मुलाला, मुलीलाही, एक दिवस कॉलेजच्या ग्रंथालयात आणि एक दिवस आयटीआयच्या कार्यशाळेत घेऊन जा. तिथे शिकणाऱ्या मुलांशी त्यांना बोलू द्या. मग अर्ज भरा, आणि तो त्यांना भरू द्या.